हिरवी पट्टी

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला जाणवलं की खोलीतून काहीतरी गेलं आहे. आधी वाटलं वीज गेली, कारण अंबडमध्ये जे काही जातं त्यात वीज पहिली. पण पंखा फिरत होता. त्याचं एक पातं वाकडं असल्यामुळे दर सेकंदाला अडीच वेळा होणारी टकटक येत होती, आणि ती मी दीड वर्षात पहिल्यांदा ऐकत होते. म्हणजे गेली होती ती बाई. शेजारच्या टेबलावर लालमियाँ चाचा कळफलकावर दहाही बोटं ठेवून, मान किंचित डावीकडे कलती करून बसले होते. कुणी हाक मारली की नाही याची खात्री नसलेला माणूस बसतो तसे. माझी पहिली भावना सुटकेची होती, हे आधीच लिहून टाकते. दुसरी कुतूहलाची. काळजी वगैरे फार नंतर आली, आणि ती आल्यावरसुद्धा तिला मी ओळखलं असं नाही.

ती बाई म्हणजे चाचांच्या कंप्युटरमधला आवाज. चाचांना दिसत नाही, नऊ वर्षांचे असताना गोवरात डोळे गेले. पडद्यावर जे येतं ते एक सॉफ्टवेअर बाईच्या आवाजात वाचून दाखवतं आणि ते ऐकत चाचा आमच्या शिक्षण संस्थेची सगळी जावक पत्रं टाईप करतात. बावीस शाळा, दिवसाला वीस-पंचवीस पत्रं. बाईचा वेग असा की मला तिचा एक शब्द कळत नाही. एकदा मी मोबाईलवर वेळ लावून मोजलं होतं. तीनशे बारा शब्दांचं पत्र एकावन्न सेकंदांत, म्हणजे मिनिटाला तीनशे सदुसष्ट शब्द. साधं बोलणं दीडशेच्या आसपास असतं. दुसऱ्या कुणी हा आकडा कौतुकानं चार लोकांना सांगितला असता. मी तो वहीच्या मागच्या पानावर तक्रार म्हणून लिहून ठेवला. चाचा हेडफोन लावत नाहीत. कानात काही घातलं की मागून कोण आलं ते कळत नाही, म्हणतात. त्यामुळे ती बाई दिवसभर आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर मुरमुरे ओतल्यासारखी बोलायची, आणि मी, एम.एस्सी. फिजिक्स, अकरा महिन्यांच्या दुसऱ्या ऑर्डरवरची संगणक सहायक, तिच्या शेजारी बसून शाळांच्या हजेरीचे तक्ते भरायची.

"चाचा, बंद केलं का तुम्ही?"

"मी कशाला बंद करू बेटी? सकाळपासून बोलूनच न्हाई राह्यली. बुधवारी बराबर होती."

बुधवारी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, जुन्या जालन्याचा पप्पू येऊन आमच्या दोन्ही मशीनवर मूळ प्रणालीची नवी आवृत्ती टाकून गेला होता. जुनीची मुदत या महिन्यात संपते म्हणून. पप्पूचं कापडबाजारात एका बोळात दुकान आहे, पाटीवर स्वतःचा गॉगल घातलेला फोटो, आणि संस्थेचं वर्षाचं कंत्राट. त्याला संगणकातलं जे कळतं ते एका वाक्यात मावतं आणि ते वाक्य तो फोनवर सगळ्यांना सांगतो.

"मॅडम, रिस्टार्ट मारला का?"

"चार वेळा."

"मंग एकदा अजून मारा."

"साऊंडचा ड्रायव्हर कोणता टाकला होता तुम्ही?"

"ड्रायव्हर-बिव्हर आपण न्हाई बघत मॅडम, ते आपोआप येतं. तुम्ही असं करा, स्पीकर नवे घ्या. माझ्याकडं हायेत."

"स्पीकर माझ्या मोबाईलला लावून बघितले. वाजतात."

"वाजतात?" एका माणसाचं सगळं ज्ञान संपल्यावर फोनमध्ये जी शांतता येते ती मी लक्ष देऊन ऐकली. "मंग बराबर हायेत," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मला आतून एक थंड, जवळजवळ सुखद गोष्ट जाणवली, जी या कार्यालयात मला दिवसातून पाच-सहा वेळा जाणवते. विषाणूच्या भीतीनं कंप्युटरच्या यूएसबीच्या खाचा एम-सीलनं बुजवून टाकणारे अधीक्षक तातेराव समोरून गेले की जाणवते, आणि चहा देताना 'कंप्युटर गरम झाला का, झाकण उघडू का' विचारणाऱ्या पुष्पाबाई आल्या की जाणवते. खरं म्हणजे घनसावंगीवरून येणाऱ्या सकाळच्या बसमध्येच ती सुरू होते, शेजारची बाई मला विचारते की एवढं शिकून तुला मास्तरीण का नाही केलं. ही तुच्छता मी कमावलेली आहे असं मला वाटायचं. कुंभार पिंपळगावातून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत गेलेली मी आमच्या गल्लीतली एकटी. तिथेसुद्धा, प्रयोगशाळेत, हवेतला ध्वनीचा वेग काढायच्या प्रयोगाला लागणारी बारीक पूड कधी आलीच नव्हती आणि सगळी मुलं गेल्या वर्षीच्या वहीतून आकडे उतरवायची. मी एकटीनं घरून रवा चाळून नेला. काचेच्या नळीत रवा हललाच नाही, जड पडला. सरांनी हसून विचारलं, शिरा करायचा का? मी मात्र वहीत खरे आकडे लिहिले, म्हणजे काहीच लिहिलं नाही, आणि त्या प्रयोगात नापास झाले. त्या कोऱ्या पानाचा मला इतका अभिमान वाटला की तो आजपर्यंत पुरतो आहे.

शुक्रवारीच दुपारी तातेरावांनी मला आत बोलावलं. तातेराव बोलताना टेबलावरचा पेपरवेट फिरवतात आणि तो थांबेपर्यंत पुढचं वाक्य बोलत नाहीत. "येत्या बुधवारी समिती येऊन राह्यली," ते म्हणाले. "दोन मेंबर. नव्या सिस्टीमवर कोणाला काम जमतं, कोणाला न्हाई, ते बघणार. लालमियाँला एक पत्र सांगायचं, त्यानं टाईप करून दाखवायचं. जमलं तर जमलं." पेपरवेट थांबला. "न्हाई जमलं तर गेटवर खुर्ची टाकू. पगार तोच."

"गेटवर? त्यांना दिसत नाही, सर."

"दिसायचं काय काम हाय तिथं? बसायचं. गेटवरचा माणूस म्हणजे काय मिल्ट्रीतला हाय का." मग आवाज उतरवून, "आणि जागा मोकळी झाली की तू. कायमची. मी शब्द टाकून ठेवलाय वर. तू फक्त त्या मशीनच्या जास्ती मागं लागू नको. पप्पू बघंल."

पप्पू बघेल म्हणजे कोणी बघणार नाही. हे मला कळलं, हे तातेरावांनाही कळलं होतं, आणि आम्ही दोघांनी ते एकमेकांना न सांगता मान्य केलं. बाहेर आले तेव्हा मला परतूरचा मुलगा आठवला. खताचं दुकान, दोन मजली घर, फोटोत बुलेटला टेकून उभा. दादा, माझे वडील, कमी बोलतात. त्यांनी एकदाच सांगितलं होतं: दिवाळीच्या आत पक्की ऑर्डर आली तर पाहुण्यांना नाही म्हणून कळवू, नाहीतर किती दिवस रोज दोन-दोन तास बसनं हिंडायचं. त्यात धमकी नव्हती, साधा हिशेब होता, आणि तो मला चूक ठरवता येत नव्हता. एका बाजूला खताच्या पोत्यांचा वास, दुसऱ्या बाजूला चाचांची खुर्ची. त्या खुर्चीवर एक सपाट झालेली हिरवी उशी आहे. मी बाहेर येऊन त्या उशीकडे पाहिलं, चाचा तिच्यावर बसलेले असताना.

तरीही शनिवारी आणि सोमवारी मी मशीनच्या मागे लागले. दया आली म्हणून नाही, चाचांसाठी तर नाहीच. एक चार हजारांचा डबा मला, ध्वनिशास्त्राच्या पेपरात अठ्ठ्याहत्तर मार्क घेतलेल्या मुलीला, उत्तर देत नाही हे मला सहन होत नव्हतं. मी पद्धतशीर गेले. ध्वनीची सेवा थांबवून पुन्हा सुरू केली. नव्या आवृत्तीनं बसवलेला ड्रायव्हर काढला, मशीन बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून जुना उतरवला, त्यासाठी माझ्या मोबाईलचं नेट जाळलं. जुना बसला, पण आवाज नाही. तो काढून पुन्हा नवा घातला. प्रत्येक पायरी वहीत वेळेसकट लिहिली. आणि सगळ्यात चिडवणारी गोष्ट अशी की मशीनच्या मते सगळं ठीक होतं. आवाजाची खिडकी उघडली की एक हिरवी पट्टी दिसायची, आणि चाचांनी कुठलीही कळ दाबली की ती पट्टी वर उसळून खाली यायची. म्हणजे बाई बोलत होती. मिनिटाला तीनशे सदुसष्ट शब्दांनी ती आत बोलतच होती आणि ते शब्द कुठेतरी जात होते. पट्टीच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हेडफोन्स. मी ते वाचलं. दोन दिवसांत वीस वेळा वाचलं असेल. हेडफोन तर लावलेलाच नाही, तेव्हा नव्या आवृत्तीनं स्पीकरला चुकीचं नाव दिलं आहे, असं मी ठरवलं आणि वहीत लिहिलं: 'प्रणाली साधनाचं नाव चुकीचं दाखवते.' मशीन मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतं आणि मी त्याला पप्पूच्या रांगेत बसवलं.

सोमवारी दुपारी पुष्पाबाई चहाचा ट्रे घेऊन माझ्या मागे बराच वेळ उभ्या होत्या. "ताई, एक बोलू का? राग न्हाई नं येणार?"

"बोला."

"ते रुसलंय. खंडेनवमीला तुम्ही अक्षता कशा टाकल्या, मी बघितलं नं. कुत्र्याला हड् केल्यावानी."

चाचा हसले. "पुष्पाबाई, मशीन रुसत न्हाई. माणसं रुसतात."

"तुम्ही गप बसा चाचा. तुमच्याच्यानं तर दरसाली चांगलं चालत होतं."

बुधवारी दुपारी पूजा झाली होती हे खरं. आमच्या कार्यालयात तिजोरी, झेरॉक्स, पाण्याची मोटार आणि दोन कंप्युटर यांना हळद-कुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात, वर अक्षता टाकतात. ज्याचं यंत्र त्यानं पूजा करायची असा रिवाज, त्यामुळे चाचांच्या कंप्युटरची पूजा दरवर्षी चाचाच करतात आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. यंदा ते सुरू करणार तेवढ्यात त्यांना हळदीची वाटी चाचपत असलेलं पाहून माझा धीर सुटला. माझी बस होती. "द्या इकडं, मी करते," म्हणून मी ताट ओढून घेतलं आणि दोन मिनिटांत दोन्ही मशीन उरकली. पुष्पाबाईंना मी सोमवारी कारण आणि योगायोग यांतला फरक समजावून सांगितला. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणून तिच्यामुळे घडली असं होत नाही. पूजा झाली, मग आवाज गेला, म्हणून पूजेमुळे गेला असं म्हणणं म्हणजे अंधश्रद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग कशामुळं गेला?" मी म्हणाले, नव्या आवृत्तीमुळे. "ती पण त्याच दिशी आल्ती नं?" असं म्हणून त्या ट्रे घेऊन गेल्या. चाचा पुन्हा हसले, या वेळी आवाज न करता. मी दोघांनाही मनातल्या मनात एका पोत्यात घातलं आणि तोंड बांधलं.

गेटच्या खुर्चीचं चाचांनाही कळलं होतं. मंगळवारी सकाळी बायकोनं दिलेला डबा टेबलावर ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं, "सरदारबी म्हणली, काय बिघडलं, गेटवर बसा, हवा लागंल. मी म्हणलो, अगं, आंधळा माणूस गेटवर बसला तर येणारे-जाणारे पुढ्यात पैसे टाकून जातील." ते स्वतःच हसले. "सत्तावीस साल झाले बेटी. पहिले तेरा साल टेलिफोनच्या बोर्डावर. बोर्ड गेला तवा पण असंच म्हणले होते, बसून राहा. मी औरंगाबादला जाऊन हे शिकून आलो. एक्केचाळीस साल वय होतं माझं. सगळे पोरं होते तिथं, मला आजोबा म्हणायचे." मग, अगदी सहज, "उद्या अकरापर्यंत होईल का गं? तू बघून राह्यली म्हणून मी कोणाला बोललो न्हाई." मी म्हणाले, प्रयत्न चालू आहे. हे वाक्य मी तातेरावांकडून उचललेलं आहे, ते शाळांच्या छपरांबद्दल विचारायला आलेल्या गावकऱ्यांना असंच सांगतात.

चाचा साडेचारला जालन्याच्या बससाठी निघतात. ते गेल्यावर मी पिशवीतून माझा जुना वायरवाला इअरफोन काढला. हे मी शुक्रवारीच करायला हवं होतं, कुठल्याही शाळकरी पोरानं पहिल्यांदा हेच केलं असतं, पण ड्रायव्हरपेक्षा खालची कुठलीही शंका मला माझ्या पदवीला शोभणारी वाटली नव्हती. चाचांच्या कंप्युटरचा डबा टेबलाखाली असतो, हेडफोनची खाच त्याच्या माथ्यावर, आभाळाकडे तोंड करून. पिन आत गेली आणि अर्ध्यावर अडली. मोबाईलचा दिवा लावला, गुडघ्यावर बसून आत डोकावले. खाचेत, बाजूच्या पितळी पट्टीला टेकून, एक तांदळाचा तुकडा आडवा बसला होता. कुंकवानं लाल.

त्यानंतर मी किती वेळ तशी बसले ते वहीत नाही. खाचेच्या आत एक बारीक लवचिक पट्टी असते. पिन घातली की ती ढकलली जाते, मशीनला कळतं की हेडफोन आला, आणि ते मागचे स्पीकर बंद करून आवाज तिकडे वळवतं. तुकड्यानं ती पट्टी ढकलून धरली होती. म्हणजे बुधवारपासून मशीन त्या तांदळाच्या दाण्याच्या कानात बोलत होतं. नाव बरोबर होतं, हिरवी पट्टी बरोबर होती. आणि पुष्पाबाई, देव-रुसणं-फुगणं सगळं वजा केलं तरी, कारणाच्या माझ्यापेक्षा जवळ होत्या, कारण त्यांनी निदान माझा हात पाहिला होता. मग मला दुसरा हात आठवला. मी ताट ओढलं तेव्हा चाचांचा डावा तळवा डब्याच्या माथ्यावर पसरून ठेवलेला होता. मला वाटलं, आधारासाठी चाचपताहेत. "हात काढा चाचा, कुंकू लागेल," असं म्हणत मी तो मनगटाला धरून उचलून बाजूला ठेवला, टेबलावरची एखादी वस्तू ठेवावी तसा. दरवर्षी ते त्या तळव्यानं खाचा झाकत होते. इतकी साधी गोष्ट. त्यांनी ती कधी कुणाला सांगितली नाही, कारण हाताला माहीत असलेल्या गोष्टी माणूस सांगत बसत नाही, आणि त्या दिवशी सांगायला मी वेळ दिला नव्हता.

माझ्या ओढणीला सेफ्टी पिन होती. पाच सेकंदांचं काम होतं. मी पिन काढली, उघडली, आणि मला खताच्या पोत्यांचा वास आला. खरोखर नाकात आला, खोलीत काही नसताना. आणि मग हिरवी उशी दिसली, आता रिकामी. मी स्वतःशी अतिशय स्वच्छ भाषेत बोलले. म्हणाले, मी काही केलेलं नाही. म्हणाले, न करणं ही क्रिया नाही. म्हणाले, तातेरावांनी मला पप्पू बघेल असं सांगितलेलं आहे, मी आज्ञेत आहे. म्हणाले, पगार तोच आहे. पिन पुन्हा ओढणीला लावली, दिवा बंद केला, पाचची बस पकडली. बसमध्ये खिडकीबाहेर वेचणीला आलेल्या कापसाची रानं मागे जात होती आणि मी विचार करत होते की गेल्या वर्षीच्या वहीतून आकडे उतरवणाऱ्या मुलांचा मला इतका तिटकारा का होता. त्यांनी न झालेला प्रयोग झाला असं लिहिलं. मी झालेला प्रयोग लिहिणार नव्हते. मला माझ्याबद्दल राग आला नाही. मघाशी म्हटलं तसं, राग बरोबरीच्या माणसाचा येतो. घरी दादांनी विचारलं, "झालं का तुझ्या ऑफिसातलं ते?" मी म्हणाले, "उद्या कळेल."

बुधवारी समिती अकराला येणार होती, ती साडेअकराला आली. एक निवृत्त मुख्याध्यापक, पांढरी सफारी, आणि एक तरुण मेंबर ज्याचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. तातेरावांनी आमच्याच खोलीत खुर्च्या मांडल्या. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी केली होती, हनुवटीखाली जरा कापलं होतं. ते माझ्या बाजूला वळून पुटपुटले, "न्हाई झालं नं?" मी म्हणाले, "नाही." ते म्हणाले, "चलो. बोटाला तर माहीत हाय."

तातेरावांनी पत्र सांगायला सुरुवात केली. सर्व मुख्याध्यापकांना, विषय दिवाळीच्या सुट्या. चाचांनी मान कलती केली आणि टाईप करू लागले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, कारण बाईच्या आवाजात त्यांच्या बोटांचा आवाज बुडून जायचा. बोटं सारख्या अंतरानं पडत होती, न चुकता, तातेरावांच्या वाक्याच्या अर्धा शब्द मागे. मुख्याध्यापकांनी भुवया वर केल्या, त्यांना ते आवडलं. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. पडदाभर एक निळी पाटी आली होती. नव्या आवृत्तीची असली पाटी अधूनमधून आपोआप येते: तुमचा कंप्युटर पूर्ण तयार करायला अजून तीन पायऱ्या बाकी, आत्ता करायचं की नंतर. चाचांनी पत्राची फाईल उघडायला आणि ही पाटी यायला एकच वेळ आली असणार. ते टाईप करत होते ती अक्षरं त्या पाटीवर आपटून नाहीशी होत होती. पडद्यावर काही नव्हतं. तातेरावांनी ते पाहिलं आणि पत्र सांगणं थांबवलं नाही. उलट संथ केलं, नीट, विरामचिन्हांसकट. "स्वल्पविराम," ते म्हणाले. चाचांनी स्वल्पविराम दिला. तरुण मेंबरनं मोबाईलवरून डोकं वर केलं, पडदा पाहिला, आणि खुदकन हसला. चाचांना ते ऐकू आलं. बोटं अर्धा क्षण अडखळली, त्यांनी मान अजून थोडी कलती केली, जणू काही चुकलं असेल तर ते खोलीतच कुठेतरी सापडेल, आणि पुढे टाईप करू लागले. सुट्टीच्या काळात शाळेच्या मालमत्तेची जबाबदारी. तातेरावांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. त्यावर ती थंड, सुखद गोष्ट होती. मला ती आतून माहीत होती, बाहेरून मी ती पहिल्यांदाच बघत होते, आणि ती इतकी ओबडधोबड, इतकी साधी दिसत होती की मी खुर्चीतून उठले.

"थांबा," मी म्हणाले. बहुतेक मोठ्यानं, कारण पुष्पाबाई दारात आल्या. मी टेबलाखाली गेले, ओढणीची पिन काढली, दाणा उचकटला. तो बोटाला चिकटून बाहेर आला, आणि त्याच क्षणी ती बाई खोलीभर बोलू लागली. चाचांनी एक कळ दाबली, तिनं पाटी पहिल्यापासून वाचली. चाचांची बोटं हवेत थांबली. त्यांना सगळं कळलं, दीड-दोन सेकंदांत. आपण किती वेळ कशावर टाईप करत होतो, आणि खोलीतल्या किती लोकांनी ते पाहिलं. त्यांनी 'नंतर' निवडलं. पाटी गेली. मागे पत्राची फाईल उघडी होती, कोरी.

"काय होतं ते?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"तांदूळ," मी म्हणाले. मी अजून खालीच होते. "अक्षता. माझ्या हातून पडली. मला काल पावणेपाचला सापडली होती."

"काल सापडली मग काल का न्हाई काढली?"

मी त्याचं उत्तर बसमध्ये चार प्रकारे तयार केलं होतं. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "ही जागा मला पाहिजे होती," मी म्हणाले.

हे बोलल्यावर काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. काही झालं नाही. तरुण मेंबर पुन्हा मोबाईलमध्ये गेला होता. मुख्याध्यापकांनी मान हलवली, एखाद्या विद्यार्थ्यानं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की हलवतात तशी, आणि घड्याळ पाहिलं. तातेराव माझ्याकडे बघत नव्हते आणि पुढेही बघणार नव्हते, हे मला तिथूनच कळलं. माझ्या कबुलीची किंमत मीच फार लावली होती.

"साहेब," चाचा म्हणाले, "पत्र पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

तातेरावांना सांगावं लागलं. बाई अक्षर अक्षर उच्चारत मागे धावू लागली, नऊ मिनिटांत पत्र झालं, आणि मुख्याध्यापक उठता उठता म्हणाले, "यांना काम येतंय हो तातेराव. मला तर तुमच्यापेक्षा जास्ती येतंय असं वाटतं," आणि कागदावर सही केली. सगळे बाहेर गेले. मी टेबलाखालून निघायला निमित्त शोधत होते, गुडघा बधिर झाला होता, दाणा अजून बोटालाच होता. वर चाचांनी आवाज थोडा कमी केला, म्हणजे त्यांना मला काही सांगायचं होतं. दीड वर्षात त्यांनी मला एकाच नावानं हाक मारली होती आणि मी त्या नावाची वाट पाहत होते, त्यापुढे कितीही वाईट काही असलं तरी.

"मॅडम," ते म्हणाले, "जरा सरका. तुमचा गुडघा वायरीवर आलाय."

मी सरकले.